राउटरची मागची बाजू

दुकानातील फळीवर राउटर मांडलेला असतो तेव्हा त्याची पुढची बाजू आपल्याकडे असते. ताठ उभ्या अँटेना, चकचकीत आवरण आणि शेजारच्या खोक्यावर ठळक छापलेला १२००, १५०० किंवा ३००० असा एखादा आकडा, एवढेच आपल्या नजरेस पडते. तारा जोडण्याच्या खाचा असतात मागच्या बाजूला. ही बाजू पुष्कळांना प्रथम दिसते ती खरेदी झाल्यावर, घरी आल्यावर. ‘आपल्याला वाय-फाय हवे आहे, तारांशी काय करायचे?’ असा विचार त्यामागे असतो. हा विचार वरवर रास्त वाटला तरी तो फसवा आहे. इंटरनेट घरभर पसरते ते बिनतारी लहरींनी हे खरे. परंतु बहुतेक घरांत ते येते तारेने, आणि ज्या खाचेतून ते राउटरमध्ये शिरते त्या खाचेच्या क्षमतेहून अधिक वेग पुढे कोणत्याही मोबाइलला किंवा संगणकाला मिळू शकत नाही. या पाठात आपण राउटरच्या या मागच्या बाजूचा विचार करणार आहोत.

एक उदाहरण घेऊ. समजा, बडोद्याच्या मांडवी भागात एक मराठी कुटुंब राहत आहे. घर जुने, भिंती जाड. थोरला मुलगा लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो आणि ते चित्रीकरण संपादनासाठी अहमदाबादला इंटरनेटवरून पाठवतो. धाकटी मुलगी तुमच्याप्रमाणेच मुक्त विद्यालयातून बारावीची परीक्षा देणार आहे. तिचा वर्ग म्हणजे घरातला एक कोपरा, आणि शिक्षक म्हणजे पडद्यावर दिसणारे ध्वनिचित्रमुद्रित पाठ. भावाचे काम वाढले तसा त्याने दरमहा अधिक पैसे भरून १०० एमबीपीएसऐवजी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. त्याची अपेक्षा होती की काम तिप्पट वेगाने उरकेल आणि बहिणीच्या अभ्यासात अडथळा येणार नाही. प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. एका लग्नाचे ४० गिगाबाइटचे चित्रीकरण पाठवायला पूर्वीप्रमाणेच तासभर लागू लागला, आणि तेवढा वेळ शेजारच्या खोलीतून हाक येतच राहिली, “दादा, तुझी फाइल गेली की सांग. माझा पाठ मघापासून नुसता गोल गोल फिरतोय!”

वेग मोजून पाहिला तर तो ९४ भरला. दुसऱ्या दिवशी ९४, रात्री उशिरा मोजला तरी ९४. तक्रार केल्यावर कंपनीचा तंत्रज्ञ आला. आईने त्याला दारातच ऐकवले, “भाई, पैसे तीनशेचे घेता आणि शंभरसुद्धा पुरते देत नाही तुम्ही!” त्या गृहस्थाने वाद घातला नाही. प्रकाशतंतूची बारीक तार भिंतीवरच्या ज्या छोट्या पेटीत येते, त्या पेटीला त्याने आपला लॅपटॉप तारेने जोडला आणि वेग मोजून दाखवला. तो तीनशेच्या जवळपास होता. “बेन, लाइन बरोबर आहे. अडतंय ते तुमच्या राउटरमध्ये.” मुलाने राउटरचे खोके माळ्यावरून काढले. त्यावर तर १२०० असे लिहिलेले!

येथे कोणीच खोटे बोलत नव्हते. कंपनी ३०० देत होती, खोक्यावरील १२०० हा आकडाही एका विशिष्ट अर्थाने खरा होता, आणि मोजणीत दिसणारे ९४ हेही खरेच होते. इतकेच नव्हे, तर ९४ हा आकडाच दुखणे नेमके कोठे आहे ते सांगत होता. तो वाचता येण्यासाठी थोडी पूर्वपीठिका जाणून घ्यावी लागेल.

प्रथम परिमाण पाहू. इंटरनेटचा वेग ‘एमबीपीएस’ म्हणजे दर सेकंदाला किती मेगाबिट माहिती वाहते यावरून सांगतात. फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये सांगतात, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हेत, तर साडेबारा मेगाबाइट. हा आठाचा भागाकार लक्षात न घेतल्याने पुष्कळ तक्रारी उगाच होतात. आपल्या उदाहरणातील ४० गिगाबाइट म्हणजे सुमारे ३,२०,००० मेगाबिट. ९४ च्या वेगाने ते पाठवायला सुमारे ५७ मिनिटे लागतात. ३०० चा वेग पुरता मिळाला तर जेमतेम १८ मिनिटे. बहिणीचा खोळंबा किती कमी झाला असता, हे या वजाबाकीवरून कळेल.

आता तारेकडे वळू. राउटरच्या मागे ज्या चौकोनी खाचा असतात त्यांना पोर्ट म्हणतात, आणि त्यांतून ज्या पद्धतीने माहिती वाहते तिला ईथरनेट असे नाव आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी ही कल्पना मांडली. प्रकाशलहरी ज्यातून प्रवास करतात असे एकेकाळी मानले जाई तो ‘ईथर’ भौतिकशास्त्राने केव्हाच मोडीत काढला होता. मेटकाफ यांनी त्याचे नाव तेवढे तारेला दिले. गंमत अशी की, या तारेच्या पद्धतीला प्रेरणा मिळाली होती ती हवाई बेटांवरील ‘अलोहा’ नावाच्या बिनतारी जाळ्यावरून. तार आणि बिनतार यांचे नाते असे मुळापासूनचे आहे.

त्या पहिल्या प्रायोगिक ईथरनेटचा वेग सेकंदाला ३ मेगाबिटांहूनही किंचित कमी होता. १९८३ मध्ये १० मेगाबिटांचे मानक प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये १०० मेगाबिटांचे मानक आले आणि त्याला ‘फास्ट ईथरनेट’ असे नाव पडले. त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा तेव्हाचा वेग मेगाबिटांत नव्हे, तर किलोबिटांत मोजावा लागे. पुढे २००४ च्या आपल्या ब्रॉडबँड धोरणात २५६ किलोबिट एवढ्या वेगालाही ब्रॉडबँड म्हटले गेले. जानेवारी २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली. अशा परिस्थितीत १०० मेगाबिटांना ‘फास्ट’ म्हणण्यात काही वावगे नव्हते. परंतु नाव एकदा चिकटले की ते काळाबरोबर बदलत नाही. १९९९ मध्ये तांब्याच्या साध्या तारेवरून १००० मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट नेण्याचे मानक आले, आणि २०१६ मध्ये २.५ व ५ गिगाबिटांचे. तरीही १०० मेगाबिटांच्या पोर्टचे नाव आजही ‘फास्ट’च आहे. खोक्यावर ‘फास्ट ईथरनेट’ हे शब्द दिसले की तो पोर्ट वेगवान आहे असे समजू नये. तो आजच्या प्रचलित पोर्टांमध्ये सर्वांत संथ आहे असे समजावे.

बडोद्याच्या घरातील राउटरचे पोर्ट याच ‘फास्ट’ जातीचे होते. मग १०० का नाही, ९४ का? कारण तारेतून माहिती सुटी वाहत नाही. ती लखोट्यांत घालून पाठवली जाते. एका लखोट्यात सामान्यतः १,५०० बाइट मावतात. त्यांपैकी ४० बाइट, क्वचित थोडे अधिक, ही माहिती कोणत्या संगणकाकडून कोणत्या संगणकाकडे चालली आहे आणि तिचा अनुक्रमांक कोणता, या नोंदींत खर्च होतात. उरतात १,४६०. शिवाय लखोट्याबाहेरचा पत्ता, तपासणीचे आकडे, ‘आता लखोटा येत आहे’ ही पूर्वसूचना आणि दोन लखोट्यांमध्ये सोडावयाची मोकळी जागा, असे आणखी ३८ बाइट तारेवरचा वेळ घेतात. म्हणजे तारेने १,५३८ बाइट वाहिले तेव्हा आपल्या पदरात १,४६० पडले. हे प्रमाण शेकडा ९५ च्या किंचित आत येते, आणि नोंदी थोड्या वाढल्या की ९४ वर उतरते. म्हणूनच वेग कधीही मोजा आणि तो ९४-९५ वरच थबकलेला दिसो, तर प्लॅनचा किंवा कंपनीचा विचार करण्याआधी वाटेत कोठेतरी १०० मेगाबिटांचा एक जोड आहे, असा तर्क करावा. इंटरनेट कंपनीकडील अडचण वेळेनुसार कमीजास्त होते: संध्याकाळी वेग घसरतो, पहाटे सुधारतो. पोर्टची मर्यादा मात्र पहाटही जाणत नाही आणि संध्याकाळही. गिगाबिट पोर्टच्या बाबतीत हाच हिशेब ९४० च्या आसपास येतो.

आता खोक्यावरील १२०० चा अर्थ पाहू. या राउटरमध्ये दोन बिनतारी पट्टे असतात: २.४ गिगाहर्ट्झचा एक आणि ५ गिगाहर्ट्झचा दुसरा. पहिल्याचा कमाल वेग ३०० आणि दुसऱ्याचा ८६७. या दोहोंची बेरीज १,१६७. तिला गोलाई दिली की झाले १२००. परंतु आपला मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. बेरजेचा लाभ त्याला मिळत नाही. शिवाय ८६७ हा आकडा राउटर आणि मोबाइल अगदी जवळ असताना, मध्ये भिंत नसताना आणि शेजारच्या राउटरांचा गोंगाट नसताना दोघांमध्ये ठरणारा जोडवेग आहे. बिनतारी वाटेवर एका वेळी एकालाच बोलता येते, बाकीच्यांना थांबावे लागते. त्यामुळे प्रत्यक्ष हाती येणारा वेग जोडवेगाच्या निम्मा ते दोन तृतीयांश धरला तर फारसे चुकणार नाही. म्हणजे साधारण साडेचारशे ते पावणेसहाशे. हेही काही कमी नव्हते. पण राउटरच्या मागे बसवलेला पोर्ट १०० चा! अंगणात तीन इंची नळ आला आहे, घरात मोठमोठ्या तोट्या बसवल्या आहेत, आणि मध्ये कोणीतरी अर्ध्या इंचाचा तुकडा जोडला आहे, असा हा प्रकार.

असे राउटर बनवतातच का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. १०० मेगाबिटांच्या पोर्टसाठी लागणारे भाग स्वस्त पडतात, हे साधे कारण आहे. आणि ग्राहक खोक्यावरचा मोठा आकडा पाहतो, मागचा पोर्ट पाहत नाही, हे दुसरे. आमच्या मते दुसरे कारण अधिक बलवान आहे. पोर्टची क्षमता खोक्यावर छापलेली असते, लपवलेली नसते. फक्त ती मागच्या किंवा बाजूच्या अंगाला, बारीक अक्षरांत असते.

ती वाचायची कशी? खोक्यावर किंवा माहितीपत्रकात पोर्टच्या नोंदीपुढे ‘१०/१००’ असे असेल तर कमाल वेग १०० मेगाबिट. ‘१०/१००/१०००’ असे असेल किंवा ‘गिगाबिट पोर्ट’ असे शब्द असतील तर १००० मेगाबिट. एक शून्य आणि एक तिरकी रेघ, एवढ्याचाच हा फरक आहे. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. काही खोक्यांवर ‘गिगाबिट वाय-फाय’ किंवा तत्सम शब्द ठळकपणे असतात. ते बिनतारी पट्ट्यांच्या बेरजेविषयी असू शकतात. ‘गिगाबिट’ हा शब्द ‘पोर्ट’, ‘वॅन’ किंवा ‘लॅन’ यांच्या शेजारी आहे का, हे पाहावे. हा पाठ वाचताना तुमच्या घरातील राउटर हाताशी असेल तर तो उलटा करून त्याच्या तळाशी लिहिलेला नमुना क्रमांक टिपून घ्या आणि निर्मात्याच्या माहितीपत्रकात त्याची पोर्टची नोंद शोधा.

वॅन आणि लॅन हे दोन शब्द आताच आले. राउटरवर बहुधा एक पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो. त्यातून बाहेरचे इंटरनेट आत येते. तो वॅन पोर्ट. उरलेले दोन, तीन किंवा चार पोर्ट घरातील यंत्रांसाठी. ते लॅन पोर्ट. वॅन पोर्ट तुमच्या प्लॅनहून मोठा हवा, ही पहिली अट. लॅन पोर्टची गरज मात्र प्लॅनवर अवलंबून नाही, आणि ही गोष्ट दुकानदारही सहसा सांगत नाहीत. समजा, तुमचा प्लॅन ५० एमबीपीएसचाच आहे, पण घरात दोन संगणक आहेत आणि एकावरील चित्रीकरण दुसऱ्यावर जपून ठेवायचे आहे. ही माहिती घराबाहेर जातच नाही. ती एका लॅन पोर्टमधून दुसऱ्यात जाते. पोर्ट १०० चे असतील तर ४० गिगाबाइटला येथेही तासभर लागेल; गिगाबिटचे असतील, आणि संगणकांच्या तबकड्या तितक्या चपळ असतील, तर सहा मिनिटांच्या आसपास. जाड भिंतींच्या घरात दूरच्या खोलीत दुसरा राउटर तारेने जोडून वाय-फाय पोहोचवतात, तेव्हाही हाच लॅन पोर्ट त्या संपूर्ण खोलीच्या वेगाची मर्यादा ठरवतो.

एवढे वाचून सर्वांनीच राउटर बदलावा असा समज होऊ नये. ध्वनिचित्रमुद्रित पाठ चांगल्या स्पष्टतेने पाहण्यासाठी ५ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो. अतिस्पष्ट चित्रपटालाही २५ पुष्कळ झाले. तुमचा प्लॅन ४०, ६० किंवा १०० एमबीपीएसचा असेल आणि घरातल्या घरात मोठ्या फाइली फिरत नसतील, तर १०० चे पोर्ट असलेला जुना राउटर तुमचे काहीही अडवत नाही. त्याच पैशांत एखादे चांगले टेबल किंवा दिवा घेतलेला बरा. नवीन राउटर घ्यायचाच असेल तर मात्र १०० च्या पोर्टचा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. राउटर पाच-सहा वर्षे वापरला जातो आणि तेवढ्या काळात प्लॅन बदलण्याची शक्यता मोठी असते. उलट टोकाला, २.५ गिगाबिटांच्या पोर्टची जाहिरात पाहून तीनशेच्या प्लॅनसाठी तो घेणे हा निव्वळ अपव्यय. त्याची गरज प्लॅन एक गिगाबिटच्या पुढे गेला, किंवा घरात माहितीचा मोठा साठा ठेवणारे तितकेच वेगवान यंत्र असले, तरच भासते. शिवाय अशा काही राउटरमध्ये वॅन पोर्ट तेवढा २.५ चा आणि लॅन पोर्ट एक गिगाबिटचेच असतात. तारेने जोडलेल्या एका संगणकाला मग त्या मोठ्या दाराचा उपयोग होत नाही.

पोर्टची संख्याही मोजून घ्यावी. घरभर ठेवण्यासाठी दोन-तीन नगांच्या संचात मिळणाऱ्या राउटरांना पुष्कळदा प्रत्येकी दोनच पोर्ट असतात. संगणक, टीव्ही आणि मुद्रणयंत्र हे सारे तारेने जोडायचे तर ते अपुरे पडतात. अशा वेळी ‘स्विच’ नावाची छोटी पेटी जोडून पोर्ट वाढवता येतात. हा स्विच गिगाबिटचा घ्यावा. त्याला जोडलेले दोन संगणक एकमेकांशी पूर्ण वेगाने बोलतात, मग राउटर १०० चा का असेना. घरातल्या घरात फाइली हलवण्यापुरतीच अडचण असेल तर राउटर न बदलता स्विच आणणे हा स्वस्त उपाय होय. इंटरनेटचा वेग त्याने वाढणार नाही, हेही तितकेच खरे.

बिनतारी बाजूविषयी थोडक्यात. वाय-फायच्या पिढ्यांना २०१८ पासून सोपे क्रमांक दिले गेले आहेत. वाय-फाय ५, वाय-फाय ६, वाय-फाय ७ असे ते असतात. तुमचे मोबाइल व लॅपटॉप ज्या पिढीचे आहेत तिच्याहून फार पुढचा राउटर घेऊन लाभ नाही. वाय-फाय ६ चे अनेक राउटर गिगाबिट पोर्टसह मिळतात. पण सर्व मिळतात असे गृहीत धरू नये, नोंद वाचावीच. निर्माता सुरक्षिततेच्या सुधारणा वेळोवेळी पाठवतो की नाही, हेही विचारून घ्यावे.

आता बडोद्याच्या त्या घरात परत जाऊ. मुलाने चारही पोर्ट गिगाबिटचे असलेला राउटर आणला, जुना काढला, नवा बसवला, आणि वेग मोजला. ९४!

घरात कोणाचा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. परंतु ९४ चा अर्थ आता आपल्याला ठाऊक आहे. वाटेत अजून कोठेतरी १०० चा जोड शिल्लक आहे. असे जोड दोन ठिकाणी दडून राहतात. पहिले ठिकाण म्हणजे कंपनीने भिंतीवर लावलेली ती छोटी पेटी. प्रकाशतंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या या पेटीला तंत्रज्ञ ‘ओएनटी’ म्हणतात. तिच्यावरही पोर्ट असतात, आणि काही पेट्यांवर ते एकाच क्षमतेचे नसतात. एकावर ‘जीई’ अशी अक्षरे असतात, म्हणजे गिगाबिट. दुसऱ्यावर ‘एफई’, म्हणजे तोच तो ‘फास्ट’ ईथरनेट. दोन्ही खाचा दिसायला सारख्या, तार दोन्हींत बसते. घाईत चुकीच्या खाचेत तार गेली की तीनशेचे शंभर होतात. मुलाने पाहिले, तार ‘जीई’ मध्येच होती.

दुसरे ठिकाण म्हणजे तार. लॅन केबल बाहेरून एक दिसली तरी तिच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनांच्या चार जोड्या करून पिळलेल्या. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरून येणारा विद्युतचुंबकीय व्यत्यय पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा वाचते, आणि सारखा पडलेला व्यत्यय त्या वजाबाकीत नाहीसा होतो. टेलिफोनसाठी ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच योजली होती. १०० मेगाबिटांचे ईथरनेट चारांपैकी दोनच जोड्या वापरते. गिगाबिट ईथरनेटला चारही लागतात. त्यामुळे आठांतील एखादी तार तुटली, वाकली किंवा टोकाच्या पारदर्शक बोंडात नीट बसली नाही, तर पुष्कळदा जोड बंद पडत नाही. दोन्हीकडची यंत्रे आपसांत ठरवून निमूटपणे १०० वर उतरतात. दिवा लागलेला असतो, इंटरनेट चालू असते, कोणाला काही कळत नाही.

भिंतीवरच्या पेटीपासून राउटरपर्यंत आलेली तार कंपनीच्या तंत्रज्ञाची नव्हती. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक केबलवाल्याने ती दाराच्या चौकटीवरून ओढली होती. मुलाने टोकाचे पारदर्शक बोंड उजेडात धरून पाहिले. आठ खाचांपैकी चारच भरलेल्या होत्या. उरलेल्या चार तारा छाटून टाकलेल्या. १०० च्या काळात चार तारांवर काम भागत असे, म्हणून असे जोड सर्रास केले जात. तुमच्या घरातील तारेचे टोकही असेच पाहता येईल. त्याला कोणतेही उपकरण लागत नाही. विंडोज संगणक तारेने जोडलेला असेल तर सेटिंग्जमधील नेटवर्कच्या पानावर ‘लिंक स्पीड’ या नोंदीपुढे १०० आहे की १०००, हेही दिसते.

नवी तार घेताना तिच्या अंगावर छापलेली अक्षरे वाचावीत. ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ असे असले की गिगाबिट वेग १०० मीटरपर्यंत निर्धास्त जातो. घराला एवढी लांबी लागत नाही. ‘सीसीए’ ही अक्षरे दिसली तर ती तार टाळावी. तिच्यात तांब्याचा केवळ मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. ती स्वस्त असते, पण वाकवताना लवकर मोडते. शुद्ध तांब्याची तार घ्यावी, ती काटकोनात मुरडू नये, आणि दाराच्या फटीत चेंगरणार नाही अशी न्यावी.

मुलाने दहा मीटरची ‘कॅट ६’ तार आणली, चौकटीच्या वरून फिरवली आणि दोन्ही टोके खटकन बसवली. भावाच्या संगणकावर वेग २९१ भरला, बहिणीच्या मोबाइलवर, भिंतीआडून, २१०. त्या रात्री एका लग्नाचे चित्रीकरण अठरा-एकोणीस मिनिटांत अहमदाबादला पोहोचले. ते जात असताना तिचा रसायनशास्त्राचा पाठ मध्ये एकदा किंचित थबकला. मग भावाने नव्या राउटरमधील सोय वापरून स्वतःच्या संगणकाला २०० ची मर्यादा घालून घेतली.

बैठकीच्या खोलीतला टीव्ही तारेने जोडलेला आहे. त्यावर वेग मोजला तर आजही ९४ दाखवतो. अनेक टीव्ही संचांना निर्माते १०० मेगाबिटांचाच पोर्ट देतात. आईची मालिका त्यावर व्यवस्थित चालते, तेव्हा त्याला कोणी हात लावलेला नाही.